थोरलीचा खुबा

थोरलीला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी धाकटीच्या टोमॅटोचा दुसरा तोडा होता. पिकलेला टोमॅटो फार तर एक दिवस थांबतो, दुसऱ्या दिवशी झाडावरच फुटतो. पण पुतण्याचा फोन आला, "काकू, आईला घेऊन निघालोय, पलंगाच्या पायांखाली विटा लावून ठेव, पलंग उंच पाहिजे म्हणालेत," आणि धाकटी अर्धी ओळ तशीच टाकून घराकडे आली. पाल्याचा हिरवा रंग बोटांना तसाच होता. त्याच हातांनी तिने विटा लावल्या. पलंग डुगडुगायला लागला म्हणून एका विटेखाली पत्र्याचा तुकडा सारला, आणि स्वतः त्यावर बसून, हलून बघितलं. आपण थोरलीच्या पलंगावर बसलोय हे ध्यानात आल्यावर ती चटकन उठली.

दोघी जावा. दोघींचे नवरे गेलेले. नवरे होते तेव्हा घर एकच होतं. मग वाटण्या झाल्या, मधे भिंत उभी राहिली, जमिनीचे दोन तुकडे झाले. विहीर तेवढी सामाईक राहिली, कारण ती मधोमध कापता येत नाही. एक दिवस मोटर हिची, एक दिवस तिची. या पाळीवरून दोघींचं अकरा वर्षांपूर्वी जे वाजलं, तेव्हापासून थोरली धाकटीशी थेट बोलत नव्हती. बोलायची भरपूर, पण गाईशी. "बघितलंस का गं, पाळी आपली आणि मोटर कुणाची चाललीय," असं गाईच्या कानात सांगायची, आवाज मात्र भिंतीपलीकडे जाईल एवढा. धाकटी उत्तर द्यायची ते आपल्या पातेल्यांना.

थोरली पडली ती विहिरीच्या पायवाटेवर. सकाळी दगड वेचायला आलेल्या बायकांना ती आडवी सापडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथे पायवाटेवर धाकटीचा पाण्याचा पाइप टाकलेला होता. पाइपामुळे पडले असं थोरली कुणाला म्हणाली नाही. धाकटीलाही कुणी विचारलं नाही. पण पाइप तिथे होता आणि तो तिनेच टाकला होता, एवढं तिला माहीत होतं. दवाखान्यातून फोन आला की खुबाच बदलावा लागणार, धातूचा बसवणार, तेव्हा ती गेली आणि पाइप गुंडाळून छपरात टाकला.

जीप दारात थांबली. थोरली मागच्या सीटवर तिरकी, दोन पायांच्या मधे जाडजूड उशी बांधलेली, आणि चेहरा असा की जणू सगळ्यांनी मिळून तिची काहीतरी वस्तू चोरलीय. पुतण्याने वॉकर काढला. चार पायांचा तो चकचकीत सांगाडा बघून धाकटीला बरं वाटलं, आता ही चालेल असं वाटलं. पण वॉकर दारातून आत जाईना. उंबरा वीतभर उंच, आणि दार वॉकरपेक्षा दोन बोटं अरुंद. पुतण्याने तो आडवा केला, उचलून बघितला, मग डोक्यावर धरून आत नेला. शेवटी आई एकीकडून आणि वॉकर दुसरीकडून, असे दोघं वेगवेगळे घरात आले.

"चार दिवस आहे मी," पुतण्या संध्याकाळी धाकटीच्या दारात येऊन म्हणाला. तो दूर शहरात कारखान्यात मशीनवर होता. "तिला तिकडे नेलं असतं, पण चौथा मजला, लिफ्ट नाही. काकू, तुझ्याशिवाय कोण आहे सांग."

त्याने एक कागद पुढे केला. कागदावर दोन रांगा होत्या, एकीत काय करायचं, दुसरीत काय करायचं नाही. करायचं त्यात माणसाची चित्रं होती, पाय ताणणारी, गुडघा दाबणारी, वॉकर धरून उभी राहणारी. करायचं नाही त्यात सगळं रोजचंच होतं. खाली बसायचं नाही. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. वाकून जमिनीवरचं काही उचलायचं नाही. धाकटीने दोनदा वाचलं. मग माणूस जगतो कसा, असं तिला विचारायचं होतं.

"तीन महिने," पुतण्या म्हणाला. "मग काठीवर येईल."

चौथ्या दिवशी त्याने उंबऱ्यापुढे गवंड्याकडून उतार करून घेतला, दाराची चौकट एका बाजूने तासून घेतली आणि गेला.

त्यानंतरचा पहिला दिवस धाकटीला पुढे कधीच विसरता आला नाही. गाय गोठ्यात आणि थोरली पलंगावर, त्यामुळे बोलायला मधे कुणी उरलं नव्हतं. थोरली छताला सांगायला लागली. "कुणाला सवड असेल तर पाणी मिळालं असतं." धाकटी पाणी ठेवायची. "उशी कुणी इतकी खाली सरकवली कोण जाणे." धाकटी उशी वर करायची. असं सकाळपासून चाललं. दुपारी मात्र छत गप्प झालं. धाकटी भांडी घासत होती, मधेच तिने डोकावून बघितलं, तर थोरलीने पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, कपाळावर घाम. पलंगाशेजारी दवाखान्याने दिलेली खुर्ची होती, मधे भोक असलेली, खाली भांडं. चार दिवस तिथे मुलाने हात धरून बसवलं होतं आणि मग तो बाहेर जाऊन उभा राहिला होता. आता मुलगा नव्हता.

धाकटी दारात थांबली. आपण होऊन जावं की नाही, तिला कळेना. गेलो तर म्हणेल, आली मिरवायला. नाही गेलो तर.

"धाकटे," थोरली भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "ये."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. धाकटी गेली, काखेत हात घालून तिला उठवलं, आजारी पाय पुढे ठेवायचा असं कागदावर होतं तसा ठेवला, आणि खुर्चीवर बसवलं. थोरलीने पदर तोंडावर ओढून घेतला आणि सगळं होईपर्यंत तसाच ठेवला. मग धाकटीने भांडं काढलं, मागे नेऊन ओतलं, राखेने घासलं. परत आली तर पदर अजून तोंडावरच.

"झालं आता, काढा तो," धाकटी म्हणाली. "मी काय पहिल्यांदा बघतेय? तुमच्या सासूचं मी दोन वर्षं केलंय."

"माझी सासू होती तशी तुझीही होती," पदराआडून आवाज आला. "आणि धाकट्या सुनेनेच करायचं असतं ते."

इथून पुढे थोरली थेट बोलायला लागली, आणि धाकटीला लवकरच वाटायला लागलं की गाईशी बोलत होती तेच बरं होतं. दिवसातून तीस हाका. खिडकी उघड. खिडकी लाव. चहा पातळ आहे. माझ्या चपला कुठे ठेवल्यास, पायांत नकोत पण दिसू देत. धाकटी शेतात असली की थोरली खिडकीतून मोटरचा आवाज ऐकत पडायची आणि ती आली की सांगायची, "आज तुझी पाळी नव्हती. अर्धा तास जास्त चालवलीस."

"तुमच्याच मिरच्यांना पाणी देत होते," धाकटी म्हणायची. "तुमच्या. मिरच्यांना."

"मग अर्धा तास कमी चालवलीस."

गाईचं तर वेगळंच. धाकटीच्या हाताला गाय दूध सोडेना. बादली लाथाडायची, शेपटी तोंडावर मारायची, कधी नुसती अंग चोरून उभी राहायची. दोन दिवस धाकटीने शिव्या देऊन बघितल्या, गोंजारून बघितलं. तिसऱ्या दिवशी तिने खुंटीवरची थोरलीची जुनी शाल काढली, डोक्यावरून घेतली आणि खोकत खोकत गोठ्यात शिरली, कारण थोरली सकाळी खोकायची. गायीने मान वळवून हुंगलं आणि दूध सोडलं. धाकटी धार काढत बसली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला एका जनावराला फसवायला जावेचा वास अंगावर घ्यावा लागतो, याचं हसू यावं की रडू, ते तिला ठरवता येईना. एवढ्यात खिडकीतून आवाज आला, "माझी शाल शेणात लोळवतेस होय?"

दर गुरुवारी व्यायाम शिकवणारी बाई यायची. आरोग्य केंद्रातली, सत्तावीस-अठ्ठावीसची, धुळीने माखलेल्या स्कूटरवर. थोरली तिला स्कूटरवाली म्हणायची, तोंडावरसुद्धा.

"आजी, वजन टाका त्या पायावर. टाका, काही होत नाही."

"तुला होत नाही. पाय माझा आहे." थोरली वॉकर धरून एका पायावर बगळ्यासारखी उभी होती. "माझा तरी कुठाय म्हणा. लोखंडाचा आहे. लोखंडावर माझा विश्वास नाही."

"तुमच्या हाडापेक्षा पक्का आहे तो."

"मग त्यालाच चालू दे. मी बसते."

आणि बसली. स्कूटरवालीने धाकटीकडे बघितलं. "मावशी, यांच्याकडून रोज तीन वेळा करून घ्यायचं. मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. उभं राहून पाय बाजूला. आणि घरातल्या घरात चालायचं. नाहीतर चांगल्या पायातलीही ताकद जाईल."

"मला कशाला सांगता?" धाकटी म्हणाली. "त्यांना सांगा."

"त्या ऐकतात का?"

"मग माझं ऐकतील?"

स्कूटरवाली हसली. धाकटीला हसण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. तिच्या मागच्या तीन ओळींतले टोमॅटो फुटून खाली गळाले होते, त्यावर माश्या बसत होत्या, आणि ती इथे उभी राहून एका म्हातारीला मांडी आवळायला सांगत होती.

महिनाभरात तिच्या एक लक्षात आलं. कागदावरच्या पहिल्या रांगेतलं थोरली एकही करत नव्हती आणि दुसऱ्या रांगेतलं एकही सोडत नव्हती. चाल म्हटलं की पाय दुखायचा, पण धाकटीची पाठ वळली की पलंगावर मांडी घालून बसलेली सापडायची. उशी पायांतून काढून डोक्याखाली घ्यायची. एकदा तर पलंगाच्या कडेला ओणवी होऊन खाली पडलेलं बटण शोधत होती. धाकटीने ओरडायचं, तिने पाय सरळ करायचा, धाकटी गेली की पुन्हा. "मी तुमची राखण करायला बसू का?" असं धाकटीने विचारलं, तर म्हणाली, "बसलीस तर निदान चहा वेळेवर मिळेल."

पाचव्या आठवड्यातली सकाळ. वीज त्या आठवड्यात पहाटेची होती, म्हणून धाकटी उजाडायच्या आत शेतात गेली. विचार असा की दोन वाफे भिजवायचे आणि धारेच्या वेळेला परत यायचं. पण मधेच एक पाट फुटला. फावड्याने माती ओढून तो बुजवेपर्यंत चांगलं उजाडलं. घराकडून गाय हंबरत होती, ते तिला ऐकू येत होतं. येते गं बाई, ती मनात म्हणाली, तू तरी थांब. मग हंबरणं बंद झालं, आणि तिला बरं वाटलं.

घरी आली तर पलंग रिकामा. वॉकर भिंतीला टेकलेला. ती गोठ्यात धावली.

थोरली शेणामातीत बसलेली होती, पाठ गव्हाणीला टेकून. शेजारी धार काढायचं बुटकं स्टूल उलटलेलं, वीतभर उंचीचं. भिंत धरधरून ती तिथवर आली होती, स्टुलावर बसली होती, सगळी धार काढली होती, आणि उठताना पाय गेला होता. तो आत वळला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. चेहरा राखेसारखा. दोन्ही हातांनी तिने दुधाची बादली पोटाशी धरली होती.

"आधी हे घे," ती म्हणाली. "सांडेल."

त्याच जीपने त्यांना परत दवाखान्यात नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला थोरलीच्या तोंडून आवाज निघत होता आणि प्रत्येक वेळी ती धाकटीचा हात पिळत होती. धाकटीचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, ते तिथेच वाळले. वॉर्डात शिरताना एक बाई तिला म्हणाली, "पाय धुऊन या, हे काय शेत आहे का?" ती धुऊन आली.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. एक्स-रे उजेडाला धरून त्याने बघितला. "सांधा निसटलाय. भूल देऊन बसवावा लागेल. कशा पडल्या?"

"बसल्या होत्या," धाकटी म्हणाली. "खाली."

"खाली बसू द्यायचं नाही, हे सांगितलं नव्हतं का? कागद दिला होता ना? घरी कोण बघतं यांना?"

"मी."

"मग बघत का नाही तुम्ही?"

वॉर्डात आठ खाटा होत्या. आठही खाटांवरची माणसं आणि त्यांची माणसं बघत होती. धाकटीने थोरलीकडे बघितलं. ती म्हणाली असती, मीच गेले, हिला माहीत नव्हतं, तर दोन वाक्यांचं काम होतं. थोरली छताकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सांधा पुन्हा बसवून घरी पाठवलं. पुन्हा पहिल्यापासून सहा आठवडे, नियम तेच, आता पायाला पट्टाही. पलंगावर टेकल्यावर थोरलीने पहिली गोष्ट विचारली ती, "गाईची धार कोण काढत होतं?"

"शेजारची," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तुमची शाल घालून. चहा करते."

तिने चहा केला, कप थोरलीच्या हातात दिला, आणि जायच्या ऐवजी समोर उभी राहिली.

"मी बघत नाही," ती म्हणाली. "आठ खाटांसमोर मला सांगितलं, मी बघत नाही. पाच आठवडे मी तुमचं भांडं उचललं. तुमची गाय, तुमच्या मिरच्या, तुमच्या हाका. माझे निम्मे टोमॅटो जमिनीवर सडलेत, ते तुम्हाला खिडकीतून दिसतात, त्याबद्दल मात्र कधी बोलला नाहीत. आणि तिथे तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मी पहिल्या दिवशीच पोराला सांगू शकत होते, मला जमणार नाही. का नाही सांगितलं, माहितीय? पाइप माझा होता म्हणून."

थोरलीने कप खाली घेतला. "कसला पाइप?"

"आता विचारताय कसला. पायवाटेवरचा. ज्याला अडखळून पडलात तो."

"त्याला कोण अडखळलं? डोळे गेलेत का माझे? मनगटाएवढा जाड पाइप, निळाभोर." थोरलीने चहाचा घोट घेतला. "मी तो उचलून बांधाखाली फेकायला गेले होते. पाळी माझी आणि पाइप तुझा, म्हटलं आज याला ओढ्यात घालते. पण तू तिकडून दगड ठेवला होतास त्याच्यावर. निघेना. मी आणखी जोर लावला. मग एकदम निघाला."

धाकटी एक पाऊल पुढे आली.

"हे पाच आठवड्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर माझं भांडं उचललं असतंस का?"

धाकटी बाहेर गेली. अंगणात गेली, गोठ्यात गेली, परत अंगणात आली. हातात काहीतरी पाहिजे म्हणून तिने झाडू घेतला आणि आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. पाच आठवडे ती छातीवर धोंडा घेऊन वावरली होती, आणि तो धोंडा थोरलीने तिथे सरळ राहू दिला होता, सोयीचा होता म्हणून. तिला वाटलं, आत्ता पोराला फोन लावावा. तिला असंही वाटलं की आत जाऊन तो चहा तिच्या डोक्यावर ओतावा. मग तिला पाइप ओढणारी थोरली दिसली, सदुसष्ट वर्षांची, ओढ्यात घालते म्हणत दातओठ खाऊन ओढणारी, आणि मग एकदम मागे. झाडू हातात धरून ती हसायला लागली. ते हसू फार काही आनंदाचं नव्हतं, पण थांबेनाही.

ती आत आली ती कागद घेऊनच.

"उठा."

"आत्ताच तर टेकले."

"आत्तापर्यंत मी मिंधी होते. आता नाही. आता मी सांगेन तेव्हा उठायचं, सांगेन तेवढं चालायचं. नाहीतर उद्यापासून भांडं तिथेच राहील, भरलेलं. मी शपथेवर सांगते, राहील."

थोरलीने तिच्याकडे बघितलं. काय दिसलं कोण जाणे, पण तिने कप बाजूला ठेवला आणि वॉकरला हात घातला.

पुढचे सहा आठवडे त्या घरात जे चाललं त्याला सेवा म्हणणं अवघड होतं. रोज तीन वेळा धाकटी कागद समोर धरून उभी राहायची आणि थोरली मांडी आवळून पाच आकडे मोजायची, शिव्यांच्या सुरात. पहिल्यांदा पायावर खरं वजन टाकलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं. मग उतारावरून अंगणापर्यंत. धाकटीने एक उशी दोरीने तिच्या पायांत अशी बांधली की सोडायला सुरीच लागावी. स्टूल तिने चुलीत घातलं. तीन वेळा थोरलीने भांडं फेकलं, त्यातलं एकदा भरलेलं. एकदा धाकटी गोठ्यात जाऊन गाईच्या अंगावर डोकं ठेवून रडली, आणि गाय, शाल नसतानाही, हलली नाही. स्कूटरवाली दर गुरुवारी येऊन वहीत काहीतरी लिहायची आणि म्हणायची, "छान, मावशी, छान चाललंय." धाकटीला वाटायचं, हिच्या डोळ्यांचं कुणीतरी बघितलं पाहिजे.

पण पाय धरत गेला. वॉकर गेला, काठी आली. एका गुरुवारी थोरली अंगणातून पिंपळाच्या पारापर्यंत जाऊन परत आली आणि कुणी सांगितलं नसताना पुन्हा गेली.

त्याच दिवशी स्कूटरवालीने विषय काढला. दोन मैलांवर एक ट्रक ड्रायव्हर होता, साठीचा. त्याचाही खुबा बदलला होता. तीन आठवडे झाले, माणूस खाटेवरून पाय खाली ठेवायला तयार नव्हता. "आजी, तुम्ही आलात तर त्यांना धीर येईल. तुम्हाला चालताना बघू दे."

"मी?" थोरली म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नवी चप्पल घालून तयार होती.

ड्रायव्हर दांडगा माणूस होता, मिशाळ, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. थोरली काठी टेकत आली, दोनदा खोलीत इकडून तिकडे चालून दाखवलं, मग तिच्यासाठी ठेवलेल्या उंच खुर्चीवर पाय लांब ठेवून बसली.

"इकडे बघा," ती म्हणाली. "पहिली गोष्ट, लोखंडावर विश्वास ठेवायचा. तुम्ही आयुष्यभर लोखंडच चालवलं ना? मग. दुसरी गोष्ट, कागदावर लिहिलंय ते करायचं. मी एक दिवस चुकवला नाही. तीन वेळा म्हणजे तीन वेळा. खाली बसायचा तर मनात विचारही आणला नाही. पायांतली उशी मी कधी काढली नाही, विचारा हिला."

धाकटी दारात उभी होती.

ड्रायव्हरची बायको तिच्या बाजूला होती. तिच्याहून बरीच लहान, पण डोळ्यांखाली काळं, केस दोन दिवस विंचरलेले नसावेत, आणि हातात झाकलेलं भांडं. ती मागच्या दाराने बाहेर गेली, तशी धाकटीही तिच्यामागे गेली. मोरीपाशी बायकोने हळूच विचारलं, "खरंच त्या एकही दिवस चुकल्या नाहीत?"

"तीन वेळा माझ्या अंगावर भांडं फेकलंय," धाकटी म्हणाली. "पाचव्या आठवड्यात सांधा निखळवून बसल्या."

बायको हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिला ते पुसता येईना, कारण हात भरलेले. धाकटीने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"किती दिवस चालतं हे?"

"त्यांचं तीन महिने."

"आणि आपलं?"

धाकटी भांडं घासायला लागली. "तू बस जरा," ती म्हणाली. "त्या आत आहेत तोवर तुला कुणी हाक मारायचं नाही. बस तिथे."

बायको धुण्याच्या दगडावर बसली. भिंतीला डोकं टेकलं. धाकटीने भांडं धुतलं, पालथं घातलं, हात पुसले आणि वळून बघितलं, तर ती झोपलेली होती. तोंड थोडं उघडं, पायांतली एक चप्पल निसटलेली.

"धाकटे," आतून हाक आली. "चल. झालं माझं सांगून. खुर्ची टोचतेय."

धाकटी चटकन आत गेली आणि खुर्चीजवळ वाकली. "अजून थोडं बोला."

"सगळं सांगितलं की. आणखी किती वेळ बोलू?"

"ती उठेपर्यंत."

थोरलीने मान लांब करून मागच्या दारातून बघितलं. दगडावर झोपलेल्या त्या बाईकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने काठी मांडीवर आडवी घेतली, खुर्चीत नीट सरकून बसली आणि ड्रायव्हरकडे वळली.

"तर मी काय सांगत होते," ती आवाज खाली आणत म्हणाली. "माझी एक धाकटी जाऊ आहे."